पैसा गावात मुरला पाहिजे

मंडळी, आज तुम्हांला ठाण्याहून कल्याणला घेऊन जातो. अंतर थोडे, जेमतेम वीस किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली आणि १ मे १८५४ ला तीच वाट कल्याणला पोचली. पण आपण रेल्वे पाहायला निघालेलो नाही. आपल्याला एक हिशेब समजून घ्यायचा आहे.

हिशेब माझ्या घरचाच आहे. माझी धाकटी बहीण वरोऱ्याकडे दिली आहे. तिच्या सासरची कपाशीची जमीन कोळशाच्या खाणीत गेली. मोबदला आला. घर पक्के झाले, एका मुलीचे लग्न झाले, मोटारसायकल आली आणि तीन-चार वर्षांत हात पुन्हा रिकामे झाले. खाण मात्र चालूच आहे. रोज गाड्या भरभरून कोळसा जातो. गेल्या उन्हाळ्यात तिचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "मामाजी, नोकरी काही घरातल्या सगळ्यांना मिळत नाही. मग आमच्या वाट्याला काय, नुसती धूळ?" मला उत्तर सुचेना. म्हणून त्याला सोबत घेऊन मी ही वाट धरली.

ठाण्याला उतरलो ते आधी वागळे इस्टेटमध्ये गेलो. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत इथे उभी राहिली. आज इथे काचेच्या उंच कचेऱ्या झाल्या आहेत. पण आतल्या गल्लीत शिरलात तर अजून लेथ मशीनचा आवाज कानी पडतो. एकेका गाळ्यात चार-सहा माणसे. कोणी बुश बनवतो, कोणी स्प्रिंग, कोणी नुसते वेल्डिंग करतो.

हे गाळे कसे जगले? मोठ्या कारखान्याला शेकडो जिनसा लागतात. सगळ्या त्याने स्वतः बनवायच्या म्हटल्या तर परवडत नाहीत. मग तो जवळच्या छोट्याला जॉबवर्क देतो. मोठ्याच्या सावलीत छोटा वाढतो, आणि त्याच्या कामगाराच्या पगारावर कोपऱ्यावरचा वाणी, शिंपी आणि खानावळवाली मावशी जगते. भाच्याला म्हटले, "हे ध्यानात ठेव. आता गाडीत बसू."

कळवा-मुंब्र्याला थांबणारी धिमी लोकल धरा आणि खिडकी सोडू नका. १९१६ साली पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढला, पण त्या बोगद्यातून गेलात तर अंधाराखेरीज काही दिसायचे नाही. मुंब्र्याच्या बाजूने गेलात म्हणजे डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला डोंगर दिसतो. खाडीकाठच्या जागेचे नावच रेतीबंदर. इथे होड्यांतून रेती उतरायची. मजूर बादली घेऊन पाण्यात डुबी मारत आणि तळाची रेती वर काढत. पुढे सक्शन पंप आले आणि काठ खचू लागले. डोंगराच्या अंगाने, शिळफाट्याच्या परिसरात, दगडाच्या खाणी निघाल्या. इथली रेती आणि खडी मुंबईच्या इमारतींत जाऊन बसली.

आता शेतकऱ्याच्या भाषेत विचार करा. उताराच्या रानात पाऊस किती पडला याला फारसा अर्थ नसतो. बांध नसेल तर शंभर इंच पाऊसही नाल्याने निघून जातो आणि मार्चमध्ये विहीर कोरडी पडते. खाणीच्या पैशाचेही तसेच आहे. डोंगर फुटतो, लाखोंची उलाढाल होते. पण यंत्र बाहेरचे, डिझेल बाहेरचे, सुटे भाग बाहेरचे, जेवणाचा ठेकासुद्धा बाहेरचा. मग पैसा गावावरून वाहून जातो. गावातून केलेली खरेदी हा त्या पैशाला घातलेला बांध आहे.

डोंबिवलीला उतरून एमआयडीसीत गेलो. तिथे ओळखीच्या एका गृहस्थांचा छोटा कारखाना आहे. वडिलांची भातशेती होती. ती गेल्यावर त्यांनी नोकरी केली, मग एक जुना लेथ घेतला. आज ते दगडाच्या क्रशरला लागणारे रोलर बनवतात. ज्या पट्ट्यावरून खडी पुढे सरकते, त्या पट्ट्याखाली हे रोलर फिरत असतात.

भाच्याने विचारले, "काका, पहिली ऑर्डर कशी मिळाली?"

ते हसले. "मिळाली कसली, परत आली! माझे रोलर महिनाभरात अडकले. क्रशरची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरायची. मालक म्हणाला, तुमच्यापेक्षा लांबचा माल बरा. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन क्रशरवरच जाऊन बसलो. चार दिवस बसलो. धूळ कुठून शिरते ते डोळ्यांनी पाहिले, सील बदलले आणि दहा रोलर फुकट लावून दिले. ते टिकले. बाळा, मी जवळचा आहे म्हणून कोणी माल घेत नाही. क्रशर बंद पडला तर मी तासाभरात पोचतो आणि माझा माल टिकतो, म्हणून घेतात."

काकू आतून चहा घेऊन आल्या. हिशेबाच्या वह्या त्याच पाहतात. त्या म्हणाल्या, "माल टिकला, पण आम्ही टिकतो की नाही असे झाले होते. एका मोठ्या गिऱ्हाईकाने सात महिने बिल दिले नाही. इकडे लोखंडवाला रोख मागत होता. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. तेव्हापासून कागद पक्का असल्याशिवाय मी माल दाराबाहेर जाऊ देत नाही."

काकूंचे म्हणणे आपल्या बायाबापड्यांनी ऐकण्यासारखे आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कसेही झाले तरी ४५ दिवसांत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती फुकट होते. माल देण्याआधीच ती करून ठेवा. तक्रार उद्योग खात्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते.

डोंबिवलीचे गोडच सांगितले तर तुमची फसवणूक होईल. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी इथल्या रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. कारखान्याने किंवा खाणीने गावातून माल घेतला म्हणजे त्याचा धूर, धूळ आणि धोका माफ झाला, असे कधीच होत नाही. ते हिशेब वेगळे ठेवायचे.

तुम्ही विचाराल, डोंबिवलीच्या क्रशरचा आणि विदर्भाच्या खाणींचा संबंध काय? दगड चावणाऱ्या क्रशरच्या जबड्याला मँगनीज पोलादाच्या पाट्या असतात. मँगनीजचे खनिज आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघते. चंद्रपूर-यवतमाळात कोळसा आहे, गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे. विदर्भातल्या खाणींनाही रोलर लागतात, गणवेश लागतात, रोज जेवण लागते, झाडे लावायला रोपे लागतात, टँकर आणि वेल्डर लागतात. यातले आपल्या तालुक्यातून किती जाते, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचा थोडा आधार आहे. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारच्या कंपन्यांना ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा लागतो. २०१५ पासून ते बंधनकारक झाले आणि २०१८ मध्ये हा हिस्सा २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. निविदेचा कागद फुकट मिळतो, अनामत रक्कम माफ असते. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या नागपूरच्या दोन्ही सरकारी कंपन्या त्यात येतात. पण मेख इथेच आहे. धोरण 'छोट्याकडून घ्या' म्हणते, 'जवळच्याकडून घ्या' म्हणत नाही. दूरच्या शहरातला छोटा कारखानदारही त्यात बसतो. म्हणून खाणीच्या गावांनी स्वतः मागणी लावून धरली पाहिजे.

आफ्रिकेतल्या घाना देशात सोन्याच्या मोठ्या खाणी आहेत. तिथल्या सरकारने २०१२ साली नियम केले. खाण कंपनीने खरेदीचा आराखडा आधी सरकारला द्यायचा आणि यादीतल्या वस्तू देशातूनच घ्यायच्या. आपल्याकडे असा आराखडा तालुक्याच्या पातळीवर मिळाला, वर्षभरात काय आणि किती लागणार हे आधी कळले, तर गावातला पोरगा तयारी करू शकेल. मोठ्या ऑर्डरीचे लहान तुकडे करणे, नमुना नापास झाला तर का झाला ते सांगणे आणि बिल वेळेवर देणे, एवढे कंपनीने केले तरी पुष्कळ झाले.

पण एकाच दाराशी बांधून घेऊ नका. गोव्यात खाणपट्ट्यातल्या कित्येकांनी कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतले होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. ट्रक दारात उभे राहिले, पण हप्ते थांबले नाहीत. इतके लांब कशाला? कल्याणच्या पुढे मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा कामगारांबरोबर त्याच्यावर जगणारे दुकानदारही बसले. आमचे डोंबिवलीचे स्नेही तीन गिऱ्हाइके धरून आहेत, आणि त्यातला एक तांदळाच्या गिरणीवाला आहे. आपण एकाच पिकावर सगळे रान लावतो का? तसेच हे.

तेव्हा ज्यांच्या शिवाराशेजारी खाण आहे त्यांनी एवढे करावे. पहिले, खाणीला काय काय लागते याची यादी मिळवा. दुसरे, त्यातली एकच वस्तू निवडा, जी आपल्याला खरोखर चांगली जमेल. बचत गटाला गणवेश शिवता येतील, रोपवाटिका चालवता येईल. तिसरे, नोंदणी आणि कागद आधी, माल नंतर. चौथे, खाणीबाहेरचे एक तरी गिऱ्हाईक शोधा. पाचवे, जमिनीचा मोबदला आला की त्यातला थोडा भाग अशा कामाला बाजूला काढा. लग्नातला मांडव दोन दिवसांत उतरतो, लेथ वीस वर्षे चालतो.

संध्याकाळी कल्याणला आलो. इथून गाड्यांना दोन वाटा फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. भाच्याची विदर्भाकडची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून तो वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहीत होता. डोकावून पाहिले तर यादी होती : होज पाइप, रोलर, रोपे, जेवणाचे डबे. शेवटच्या शब्दाभोवती त्याने गोल काढला होता.

"मामाजी," तो म्हणाला, "आईच्या हाताची भाकरी खाणीतल्या माणसांना आवडेल ना?"

म्हटले, "आवडेल. पण चार दिवस गेटवर जाऊन बस. ते काय खातात, किती वाजता खातात, हे आधी डोळ्यांनी बघ."

गाडी आली. त्याने वर्तमानपत्राची घडी घालून खिशात ठेवली.