आजीचा पाट

१९७४ च्या दिवाळीच्या सुमारास सदाशिव पेठेतील आमच्या बिऱ्हाडी दूरदर्शन संच आला, तेव्हा साऱ्या वाड्याला त्याचे अप्रूप वाटले. परंतु त्याच्या आगमनाने खऱ्या अर्थाने पालटले ते माझ्या आजीचे जीवन, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. तथापि सरकारी कचेरीतील अव्वल कारकुनाच्या वेतनात ही वस्तू सहजासहजी बसणारी नसल्यामुळे, वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन संचाची तजवीज केली आणि टपाल कचेरीत शुल्क भरून मिळालेले परवान्याचे पुस्तक घराच्या कागदपत्रांच्या दप्तरात जपून ठेवले. कौलांवर चढून काका अँटेना सिंहगडाच्या रोखाने तसूतसूने फिरवीत असत, आणि "आल्या, मुंग्या आल्या!" असा खालून पुकारा झाला की पुन्हा उलट वळवीत. लाकडी पेटीची झडप सरकवून कळ दाबल्यावर आतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत काच काळीच राही. संच बंद करताच चित्र आक्रसत मध्यभागी एक शुभ्र ठिपका होऊन क्षणभर रेंगाळे, आणि तो मावळल्याखेरीज आम्ही मुले जागचे उठत नसू.

आजीला ऐन तारुण्यात वैधव्य आले होते. लाल आलवण नेसून स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या दरम्यान तिने उभे आयुष्य कंठले. बालगंधर्वांच्या पदांच्या चाली शेजारच्या ग्रामोफोनवरून तिच्या कानी पडून पाठ झाल्या होत्या. पण ज्या काळी त्यांच्या नाटकांनी पुणे वेडे झाले होते, त्या काळी नाटकगृहाची पायरी चढणे तिला निषिद्ध होते. हा अन्याय घरात कुणी कधी बोलून दाखविला नाही, कारण तो अन्याय आहे असेच कुणास वाटत नव्हते.

प्रथम ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून 'आमची माती आमची माणसं' नुसते ऐकत असे. पुढे तिचा पाट उंबऱ्याशी आला. एका सायंकाळी संगीत नाटकातील प्रवेश सुरू झाला, तेव्हा तिने आपण होऊन पाट उचलला आणि वाड्यातील बायकामुलांच्या गर्दीतून वाट काढीत तो माजघराच्या मध्यभागी आणून मांडला. आईने सावधपणे विचारले, "आपल्याला दिसतंय ना नीट?" आजीने उत्तर दिले नाही, तिचा उजवा हात मांडीवर तालाच्या मात्रा मोजीत होता, आणि नट जिथे तान घेणार तिथे तिची मान किंचित आधीच हलत होती. इतकी वर्षे हे सारे तिने कुठे सांभाळून ठेवले होते, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

काही महिन्यांनी भरत नाट्य मंदिरातील प्रयोगाची जाहिरात वर्तमानपत्रात आली. त्यावर बोट ठेवून ती वडिलांना म्हणाली, "अरे, पेटीतलं खूप पाहिलं. आता मला तिथं ने."

दुसऱ्या दिवशी वडील कचेरीतून परतताना तिकिटे घेऊन आले. नात्यातील वडीलधाऱ्यांनी यावरून पुष्कळ बोल लावला; तो त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतला, आणि रविवारी वेळेआधीच टांगा दारात उभा केला.