पीळ काढताना

बाल्सा हाताळणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर मान्य करावी लागते, ती ही की झाड तुटले, त्याच्या फळ्या पडल्या, त्या फळ्यांतून विमानाचे पंख घडले आणि त्या पंखांवर रंगही चढला, तरी लाकडाचा हवेशी चाललेला व्यवहार कधी बंद पडत नाही. पावसाळ्यात ते ओलावा घेते, फाल्गुन-चैत्रात तो परत करते, आणि या देवघेवीत त्याचे तंतू आडव्या दिशेने फुगतात व आकसतात. उभ्या दिशेने मात्र त्यांची लांबी जवळजवळ तसूभरही बदलत नाही. फळीच्या दोन्ही अंगांशी हा व्यवहार सारखा राहिला तर ती सरळ राहते; एका अंगाला अधिक आणि दुसऱ्याला कमी मिळाले, तर उन्हात घातलेल्या पापडासारखी ती आधी सुकणाऱ्या बाजूकडे वळते. मॉडेल विमानाच्या एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीला, किंवा शेपटीतल्या एलिव्हेटरला वा रडरला येणारा बाक आणि पीळ हा बहुधा अशाच असमान वाटणीचा परिणाम असतो, आणि म्हणून वाकलेला भाग पाहताच तो सरळ करण्यासाठी हात कितीही शिवशिवले तरी कोणते अंग दुसऱ्याला ओढते आहे याची आधी रीतसर चौकशी करावी, असा माझा आग्रह असतो.

बाल्सा हा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष, आणि जगाला त्याचा मुख्य पुरवठा इक्वेडोरमधून होतो. आपल्याकडची काटेसावर ही त्याच्याच कुळातली. उष्ण व ओलसर प्रदेशात तो इतक्या वेगाने वाढतो की सहा ते दहा वर्षांत तोडणीस येतो, आणि या वाढीत त्याच्या पेशी मोठ्या व पेशींच्या भिंती पातळ राहतात. एका घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो एवढेच त्याचे वजन. या हलकेपणामुळेच १९४० साली प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या अंगात, बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांच्या मध्ये, बाल्साला मानाची जागा मिळाली. परंतु एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यांचा स्वभाव कापाच्या दिशेनुसार अगदी निराळा होतो. खोडाच्या वलयांना स्पर्शून गेलेल्या कापाची फळी आडवी सहज वाकते, म्हणून गोल अंगावर चढवायला ती उत्तम. गाभ्याकडून सालीकडे गेलेल्या कापाची फळी मात्र आडवी ताठ असते, तिच्यावर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते, आणि शेपटीचे सपाट भाग तिचेच करावेत. दुकानात फळ्यांची चळत चाळताना ही नक्षी शोधण्याचा कंटाळा जो करील, त्याला पुढे वाफेच्या किटलीपुढे बसावे लागेल.

एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकणारा एक मुलगा मध्यंतरी आपल्या विमानाचा एलेरॉन माझ्याकडे घेऊन आला. विमान डावीकडे कलते, ही त्याची तक्रार. “काका, ट्रिम देऊन मी ते सरळ केलंय, मग पीळ पुन्हा कशाला काढायचा?” असे त्याने विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता. मी तो एलेरॉन जाड काचेवर ठेवला, त्याच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी मांडली आणि त्याला डोळा पट्ट्यांच्या पातळीत आणून एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहायला सांगितले. दोन्ही कडा समांतर दिसायला हव्या होत्या. पलीकडची एका अंगाने खाली गेली होती. “बाहेरचं टोक खाली आलंय,” तो म्हणाला. एलेरॉनची रुंदी ४० मिलिमीटर आणि मागच्या कडेवरचा फरक २ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३ अंशांचा पीळ. ट्रिमने झाले होते ते एवढेच की पंखाच्या मुळाकडचा भाग वर उचलून टोकाकडच्या उताराची भरपाई केली गेली होती. सरळ उड्डाणात हा हिशेब जुळतो. पण उतरताना वेग मंदावला आणि पंख हवेवरची पकड सोडण्याच्या बेतात आला, की खाली झुकलेल्या एलेरॉनचे ते टोक आधी दगा देते, आणि तेही जमीन जवळ असताना.

त्याच्या एलेरॉनवर कागद आणि नायट्रोसेल्युलोजचे डोप होते. डोप वाळताना आकसते. हेच त्याचे काम, कारण त्यामुळे कागद ताणून बसतो. पण एका अंगाला एक हात अधिक पडला तर तेच अंग लाकडाला आपल्याकडे ओढते. जुने कारागीर डोपमध्ये एरंडेलाचे काही थेंब घालीत, ते ही ओढ मवाळ करण्यासाठी. प्लॅस्टिकच्या तापवून बसवायच्या आच्छादनातही हाच प्रकार घडतो, आणि वरून गडद व खालून फिका रंग असेल तर गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेले विमान एका दुपारीही पीळ घेऊ शकते, कारण गडद अंग अधिक तापते आणि अधिक आकसते.

पीळ काढण्याची तजवीज सोपी आहे, पण ती घाईला दाद देत नाही. डोप अतिशय ज्वालाग्राही असल्यामुळे उघडी ज्योत वर्ज्य. किटलीच्या तोंडातून निघणारी वाफ पुरते. एलेरॉनची दोन्ही टोके दोन हातांत धरून, वाफेत पुढे-मागे फिरवीत, उलट दिशेने हलका पीळ द्यावा. सुरुवातीला लाकूड साफ नकार देते. उष्णता आणि ओलावा आत पोहोचून तंतूंना जोडून ठेवणारे लिग्निन मऊ झाले, की बोटांखालचा प्रतिकार एकाएकी ढिला पडतो, आणि हा क्षण डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतो. त्या क्षणी सरळ रेषेवर थांबू नये. जितका पीळ होता तितकाच उलट द्यावा, मग वाफेतून काढून पूर्ण निवेपर्यंत तो तसाच धरून ठेवावा, कारण गरम असताना सोडलेले लाकूड आपल्या जुन्या ठिकाणी परत जाते. त्यानंतर सपाट फळीवर, कोपऱ्यांखाली पातळ पट्ट्या ठेवून, टाचण्यांनी तो अडकवावा. पट्ट्या अशासाठी की खालच्या अंगालाही हवा मिळावी. खाली काच आणि वर वजन ठेवले तर वरचे अंग आधी सुकते आणि आपण काढलेला दोष आपणच परत घालतो. मुलाच्या एलेरॉनची मुदत मी रात्रभराची ठरवली, आणि सकाळी पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या.

कोऱ्या लाकडासाठी वाफ हवीच असे नाही. अंतर्गोल झालेल्या बाजूला पाण्याचा किंवा अमोनिया मिसळलेल्या पाण्याचा हात फिरवला, की ती बाजू फुगून फळी सरळ होऊ लागते. तापवून बसवलेल्या आच्छादनासाठी मात्र इस्त्री किंवा गरम हवेचे यंत्र घ्यावे; उलटा पीळ देताच एका अंगावर सुरकुत्या येतात, त्या उष्णतेने आटवाव्यात, आणि निवेपर्यंत हात सोडू नये.

पीळ हा सर्वस्वी शत्रू आहे, असे मात्र मी कोणाला सांगत नाही. १८९९ साली विल्बर राइटने सायकलच्या ट्यूबची रिकामी पुठ्ठ्याची पेटी हातात पिळून पाहिली, त्यातून पंख पिळून विमान कलते करण्याची कल्पना निघाली, आणि १९०३ च्या राइट बंधूंच्या विमानात पोटावर पडलेला वैमानिक कंबर सरकवून दोरांनी पंखांना पीळ देत असे. एलेरॉनची सद्दी त्यानंतर आली. आजही पंखाच्या टोकाची मागची कड मुद्दाम थोडी वर वळवतात, म्हणजे मंद वेगात टोक शेवटपर्यंत धरून राहते. फक्त हा पीळ दोन्ही पंखांना सारखा हवा, आणि त्यासाठी वाफ, पट्ट्या आणि मोजमाप हीच सामग्री लागते.

काही फळ्या मात्र कशानेच वठणीवर येत नाहीत. वाफेनंतर सरळ झालेला भाग दोन-तीन आठवड्यांत पुन्हा त्याच दिशेला वळला, तर दोष आच्छादनाचा नसून झाड वाढतानाच लाकडात साठलेल्या ताणाचा आहे, असे समजावे. अशा भागावर आणखी वाफ खर्च न करता ३ मिलिमीटरच्या एका फळीऐवजी दीड मिलिमीटरच्या दोन घ्याव्यात, त्यांचे बाक एकमेकांविरुद्ध येतील अशा बेताने काचेवर चिकटवाव्यात, आणि सरस पूर्ण वाळेपर्यंत त्यांच्यावर वजन राहू द्यावे. असा भाग किंचित जड होतो. मी तो भार दर वेळी आनंदाने पत्करतो.