उसना घाट

खनिजशास्त्रात ‘स्यूडोमॉर्फ’ अशी एक संज्ञा आहे. ‘खोटे’ आणि ‘रूप’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड. मराठीत आपण ‘छद्मरूप’ म्हणू. एरवी प्रत्येक खनिजाला आपली अंगभूत स्फटिकाकृती असते, पण कधी कधी एखादे खनिज दुसऱ्याच्याच आकृतीत वावरताना सापडते. पायराइट, म्हणजे अडाण्याला सोन्याचा भास घडवणारे लोह आणि गंधकाचे ते पिवळे खनिज, पुष्कळदा घनाकृती असते. हवापाण्याने त्यातले गंधक निघून जाते, लोखंड गंजते. घनाच्या कडा, पृष्ठांवरच्या बारीक समांतर रेषासुद्धा जशाच्या तशा राहतात, आणि आत असते ते गोएथाइट. गोएथाइटला स्वतःच्या बळावर घन कधीच घडवता येत नाही. या खनिजाचे नाव १८०६ साली महाकवी गटे याच्यावरून ठेवले गेले. रूपविचार हा ज्याचा आयुष्यभराचा ध्यास होता, त्याचेच नाव परक्या रूपात सर्रास आढळणाऱ्या खनिजाला मिळावे, हा योगायोग वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी सोडू नये असा आहे.

वर्गात आशय आणि घाट शिकवताना आपण बहुधा पाणी आणि भांडे यांचा दृष्टान्त देतो. मला तो कधीच पटलेला नाही. भांडे आधी असते, पाणी नंतर येते, आणि दोघांनाही एकमेकांचे काही सोयरसुतक नसते. छद्मरूपात असे होत नाही. अँड्र्यू पुटनिस या खनिजशास्त्रज्ञाने २००२ साली मांडलेल्या विवेचनानुसार जुन्या आणि नव्या खनिजाच्या सीमेवर द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याच्या एका काठाला जुने विरघळते आणि त्याच क्षणी दुसऱ्या काठाला नवे साकळते. विरघळणे पुढे धावले तर मध्ये पोकळी पडते आणि आकार बिघडतो. दोन्ही क्रिया एकमेकींना बांधलेल्या असतील तरच आकार टिकतो. शिवाय नवे खनिज सच्छिद्र असावे लागते, नाहीतर द्रव आत पोचणारच नाही. भाषांतराचे काम केलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल.

वाङ्मयविचारात ही कल्पना यापूर्वीच आलेली आहे, पण तक्रारीच्या सुरात. ओस्वाल्ड स्पेंग्लरने पाश्चात्त्य जगाच्या ऱ्हासावरील आपल्या ग्रंथाच्या १९२२ च्या दुसऱ्या खंडात ‘ऐतिहासिक छद्मरूप’ ही संकल्पना वापरली. खडकातले स्फटिक धुपून जातात, मागे पोकळ साचे उरतात, नंतर आलेल्या तप्त रसाला त्या परक्या साच्यांतच गोठावे लागते. त्याचप्रमाणे एखाद्या जुन्या, बलिष्ठ संस्कृतीच्या साच्यात तरुण संस्कृतीची घुसमट होते, असे त्याचे म्हणणे. अरबी संस्कृती आणि पीटर झारनंतरचा रशिया ही त्याची उदाहरणे. आपल्याकडे कादंबरी, सुनीत, लघुकथा यांविषयी जे उसासे टाकले जातात त्यांची जातकुळी हीच. साचा आधी रिकामा आणि माल नंतर कोंबलेला, हे चित्र काही छद्मरूपांना लागू पडते हे खरे. पण पायराइटच्या घनात रिकामा साचा असा एक क्षणही नसतो. केशवसुतांच्या सुनीतांकडे कोंडलेला रस म्हणून पाहायचे की काठाकाठाने झालेला पालट म्हणून, याने वाचनात बराच फरक पडतो.

मला अधिक गुंतवून ठेवणारे उदाहरण मात्र ग्लेंडोनाइटचे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधील ग्लेंडन या ठिकाणावरून १९०५ साली नामकरण झालेले हे टोकदार, काटेरी स्फटिकगुच्छ कॅल्साइटचे आहेत, पण आकृती कॅल्साइटची नाही. मग कुणाची? अनेक खनिजांची नावे पुढे आली, एकही नीट बसेना. पुढे १९६३ साली ग्रीनलंडच्या इक्का फिओर्डमध्ये पाण्याखाली एक खनिज मिळाले, इकाइट. हेही कॅल्शियम कार्बोनेटच, पण प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सहा रेणू धरून ठेवलेले. ते थंडगार पाण्यातच तग धरते; बाहेर उबेत काढले की विघटते, पाणी सुटते आणि सुमारे एकतृतीयांश आकारमानाचे कॅल्साइट उरते. ग्लेंडोनाइटचे मूळ ते हेच, हे ध्यानात यायला १९८०चे दशक उजाडले. मूळ टिकणे शक्यच नव्हते. टिकला तो त्याचा आकार. आज प्राचीन खडकांत ग्लेंडोनाइट दिसले की भूशास्त्रज्ञ म्हणतात, येथले पाणी थंड होते.

गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे असेच झाले आहे. पैशाची भाषेतला तो ग्रंथ नाहीसा झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या संस्कृत ‘कथासरित्सागरा’तून आपण त्याचा आकार अजमावतो. त्यातच आलेली कथा अशी की, प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने पैशाची भाषेतला, रक्ताने लिहिलेला तो ग्रंथ तुच्छ मानून परत पाठवला, आणि गुणाढ्याने त्यातले सहा लक्ष श्लोक पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. भाषेवरून नापास करण्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे तर.

माझी आई नागपूरची. १९६४ साली लग्न होऊन पुण्यात आली. इथल्या मंडळींनी तिचे शब्द एकेक करून बदलले. पाच-सहा वर्षांत तिच्या बोलण्यात एकही वऱ्हाडी शब्द उरला नाही, ‘ण’ तर ती अनेक पुणेकरांपेक्षा शुद्ध उच्चारी. पण वाक्याची ठेवण गेली नाही. ‘मी भाजी निवडून राहिले’, ‘पाऊस येऊन राहिला’. शब्द सगळे पुण्याचे, वाक्य नागपूरचे. हा हिंदीच्या ‘कर रही हूँ’चा साचा आहे असे सहसा सांगितले जाते. (अशा निदानांबाबत जपून राहावे. व्याघ्रनेत्र हा चमकदार खडा १८७३ पासून छद्मरूपाचा आदर्श नमुना समजला जाई. २००३ साली हीनी आणि फिशर यांनी त्याच्या जडणघडणीची निराळीच उपपत्ती मांडली.) साचा कुणाचाही असो, १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषकांच्या प्रांताची राजधानी होती, त्या सहवासाचे तापमान या क्रियापदात नोंदलेले आहे. सासरच्यांना त्यात फक्त अशुद्धता ऐकू आली.

काही वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या नियामकांच्या बैठकीत हाच प्रयोग असलेली एक उत्तरपत्रिका समोर आली. उत्तर चोख होते, व्यक्तिरेखेची जाण विलक्षण. ‘ती मनातल्या मनात जळून राहिली आहे’ असे एक वाक्य होते. आदर्श उत्तरात ‘जळत आहे’ होते. मी म्हणाले, या वाक्यात ‘राहणे’ आहे. जळणे संपत नाही, त्यात ती बाई मुक्काम करून आहे, हे ‘जळत आहे’ला सांगता येणार नाही. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रमाणभाषेचे दोन गुण वजा करण्याचे कलम वाचून दाखवले. इतर तिघांनी मान डोलावली. मी माझे मत लेखी नोंदवायला मागितले, तेव्हा त्यासाठी रकाना नसल्याचे कळले. मग गुणपत्रकाच्या समासात पेन्सिलीने लिहिले, ‘वाक्य बरोबर आहे’, आणि खाली सही केली.