लॅबमध्ये जागा आहे, पण तिथवर पोचायचं कसं?

"पद पूर्णपणे तात्पुरतं आहे. प्रकल्प संपला की पद संपेल. मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च दिला जाणार नाही."

विद्यापीठं आणि संशोधन संस्थांच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये मुलं कामाला घेतात, त्या जाहिरातीत ही तीन वाक्यं ठरलेली असतात. अर्थातच इंग्रजीत. पहिल्या दोन वाक्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या वाक्यावर आज बोलायचंय. पोस्ट मोठी झालीय, पण ज्यांच्या घरात बीएस्सी, एमएस्सी करणारी मुलं आहेत त्यांनी तेवढी शेवटपर्यंत वाचा.

आधी ही नोकरी असते काय ते बघू. आपल्याकडं निम्म्या पालकांना ती माहीतच नसते. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडून किंवा आयसीएमआरकडून दोन-तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो. त्या पैशात रसायनं येतात, यंत्रं येतात आणि एकदोन माणसांचा पगार येतो. ही माणसं म्हणजे प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, जेआरएफ. केंद्राच्या २०२० च्या दरपत्रकात साध्या बीएस्सीवाल्या प्रोजेक्ट असिस्टंटला महिना २०,००० रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा आहे. नेट किंवा गेट पास असलेल्या जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, त्याआधी ३१,००० होते.

आमच्या सांगोल्यात बीएस्सी झालेल्या पोराला वीस हजार कोण देतंय सांगा. आणि इथं पैशापेक्षा मोठी गोष्ट मिळते. पुढं पीएचडी करायची, कंपनीत जायचं किंवा परदेशात अर्ज करायचा, तर सुरुवात याच पायरीपासून होते.

आता ती पायरी चढायला गेलेल्या एका मुलीचं सांगतो. नाव सांगत नाही. वडिलांची दोन एकर डाळिंबाची बाग होती, आता त्या रानात मका आहे. पोरगी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, फर्स्ट क्लास. गेल्या वर्षी जाहिरातीची प्रिंट घेऊन माझ्याकडं आली. "काका, यातलं को-टर्मिनस म्हणजे काय?" मी म्हणलं, प्रकल्प संपला की तूही मोकळी. तर म्हणाली, "चालतंय की. तीन वर्षं तर मिळतील."

पुण्यात सकाळी साडेनऊला हजर राहायचं होतं. थेट मुलाखत. पुण्यात मुक्कामाला नातेवाईक नाहीत, म्हणून बापलेक रात्रीच्या एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिचं निम्म्यात भागलं, बापाचं पूर्ण लागलं. पहाटे स्वारगेटला उतरले, स्टँडवरच तोंड धुतलं आणि रिक्षा केली. एका जागेसाठी चाळीसच्या वर मुलं आली होती. दुपारी दोनला हिचा नंबर लागला आणि सात-आठ मिनिटांत मुलाखत संपली.

त्यांनी विचारलं, "पीसीआर स्वतः केलंय?" ही खोटं बोलली नाही. कॉलेजात मशीन एकच. सरांनी करून दाखवलं आणि तीस जणांनी मागं उभं राहून बघितलं. पुढचा प्रश्न आला, "कुठल्या लॅबमध्ये इंटर्नशिप?" हिचं उत्तर, "नाही." तिथंच विषय संपला. जिची निवड झाली तिनं आधी एक वर्ष पुण्यातच एका लॅबमध्ये बिनपगारी काम केलं होतं. तिचं घर पुण्यातच आहे.

मी त्या संस्थेचं नाव घेणार नाही. एका संस्थेला झोडपून हा प्रश्न सुटणार नाही. शिवाय निवड झालेल्या मुलीनंही कष्टच केलेत.

लॅबवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मी दोघातिघांशी बोललो. त्यांचं म्हणणं असं की प्रकल्प तीन वर्षांचा, त्यातलं वर्ष शिकवण्यात घालवलं तर काम कधी करायचं? ते बरोबरही आहे. अशा लॅबमध्ये कामं कसली असतात बघा. फळमाश्यांवर संशोधन चालू असेल तर त्या माश्यांसाठी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून बाटल्यांत भरायचं. माशीची एक पिढी दहाएक दिवसांत तयार होते. दिवाळी आहे म्हणून ती थांबत नाही, बाटल्या बदलाव्याच लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. १२१ अंशाला पंधरा मिनिटं लावायचं. झाकण नीट बसलं नाही, हात नीट निर्जंतुक केला नाही, तर सगळ्या प्लेटवर बुरशी येते आणि महिन्याचं काम कचऱ्यात जातं. नळ्यांवर नाव-तारीख नीट लिहायची, वहीत रोजची नोंद ठेवायची. यातली बहुतेक कामं पुस्तक वाचून येत नाहीत, हाताला वळण लागावं लागतं.

मान्य. पण हे वळण लावायचं कुठं? मागच्या दहा वर्षांत याचं एकच उत्तर रूढ झालंय. आधी फुकट काम करा. सहा महिने इंटर्नशिप, पगार नाही, शेवटी प्रमाणपत्र. काही खासगी प्रशिक्षणवाले तर पोरांकडूनच पंधरा-वीस हजार घेतात आणि महिनाभरात शिकवून सोडतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं तरी भाडं, मेस आणि बस मिळून महिन्याला आठ-नऊ हजार कुठं गेले कळत नाही. सहा महिन्यांचे पन्नास हजार झाले. म्हणजे वीस हजाराच्या नोकरीसाठी आधी पन्नास हजार घालायचे. ज्याचं घर कोथरूडला आहे त्याला हे पन्नास हजार दिसतच नाहीत. ज्याचं घर आमच्या कोळ्याला नाहीतर महूदला आहे त्याला दुसरं काहीच दिसत नाही.

हे मला कळतं, कारण मी त्यातून गेलोय. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर सोलापुरात एका दैनिकात आठ महिने बिनपगारी उमेदवारी केली. बातमी छापून आली की नाव बघून खूश व्हायचं, एवढाच पगार. ते जमलं, कारण मामाचं घर सोलापुरात होतं आणि मामी दोन वेळा ताट वाढायची. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे दोघं होते. त्यांना सोलापुरात मामा नव्हता. एक आज खताच्या दुकानात आहे. माझ्यात काही विशेष होतं असं मी कुणाला सांगत नाही. फुकटची उमेदवारी हुशारीची परीक्षा घेत नाही, मामाचं घर कुठं आहे तेवढं बघते.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, पोरीनं दुसरी नोकरी बघावी. बघितलीय की. रक्ताचे नमुने गोळा करायच्या सेंटरवर सात हजारावर आहे. प्रश्न तिच्या एकटीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

आपल्या बागांचं काय झालं आठवा. डाळिंबावरचा तेल्या म्हणजे बॅक्टेरियाचा रोग, झँथोमोनास नावाचा जिवाणू. त्याच्या मागून मर आली, खोडाला भोकं पाडणारा पिन होल बोरर आला. सांगोल्यातल्या लोकांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा जेसीबीनं काढल्या. या रोगांवर काम करायला जीवशास्त्रवालेच लागणार. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ २००४ पासून आहे. कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआरच्या लॅब उभ्या राहिल्या, तेव्हा पिपेट धरता येणारी पोरं मिळेनात अशी अवस्था होती. गरज पडली की माणसं शोधायची आणि एरवी त्यांना शिकायला जागा द्यायची नाही, हे किती दिवस चालणार? तेल्यानं ज्या घरातली बाग खाल्ली त्याच घरातली पोरगी मायक्रोबायोलॉजी शिकून बसलीय. तिला तेल्या शिकवावा लागत नाही, तिनं तो पानावर, फळावर बघितलाय. तिला लॅबमध्ये सहा महिने राहायची सोय पाहिजे, बास.

आणि ही सोय काढणं आपल्या महाराष्ट्राला अवघड जाऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या पोरानं काम करत शिकायचं ही रीत घालून दिली. 'कमवा आणि शिका' आज विद्यापीठांत योजना म्हणून आहे. पण मुलांना काम कुठलं देतात? बाग झाडणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात फायली उचलणं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण त्याच योजनेतून बीएस्सीच्या मुलाला लॅबमध्ये दिवसाचे तीन तास का देत नाहीत? काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात करू दे, सहा महिन्यांत तो प्लेट ओतायला शिकेल. पैसे तेवढेच लागतील, फक्त पोराच्या हातात काहीतरी राहील.

दुसरं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंग आणि इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळाले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. कागदावर उत्तम. तालुक्याच्या कॉलेजनं मुलं पाठवायची कुठं, हे कागदावर नाही. मग ओळखीच्या लॅबचा शिक्का आणून तास भरले जातात. जिल्ह्यातल्या विद्यापीठानं आणि संशोधन केंद्रांनी दरवर्षी तालुका कॉलेजांसाठी ठरावीक जागा राखून ठेवाव्यात, राहायला वसतिगृह द्यावं, एवढी मागणी आपले लोकप्रतिनिधी आणि अधिसभेचे सदस्य करू शकतात. मते मागायला येतात तेव्हा विचारा.

तिसरं, सगळ्यात सोपं आणि माझ्या मूळ मुद्द्याचं. पहिली मुलाखत व्हिडिओ कॉलवर घ्या. चाळीसातले पाच निवडा आणि त्या पाच जणांना बोलवा, एसटीचं भाडं द्या. पाच तिकिटांनी कुठला प्रकल्प बुडत नाही. काही ठिकाणी असं करतातही, तर सगळीकडं का नको?

आता मुलांसाठी, कारण हे सगळं होईपर्यंत तुमचं वय थांबणार नाही.

पहिलं म्हणजे पैसे देणाऱ्या संधी आधी धरा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून शिकत असलेल्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या चांगल्या लॅबमध्ये पाठवतात. विद्यावेतन देतात, रेल्वेचं भाडंही देतात. पण अर्ज आदल्या दिवाळीच्या मागंपुढं भरावा लागतो. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि बीएस्सीला असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ८०,००० आहेत, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधनासाठीच आहेत.

दुसरं, जाहिराती पेपरात क्वचित येतात. आयसर, एनसीसीएस, आघारकर, एनसीएल, एनआयव्ही, आपलं डाळिंब केंद्र आणि विद्यापीठ, यांच्या वेबसाइटवर दर आठवड्याला बघायची सवय लावा. मुदत बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांचीच असते.

तिसरं, जाहिरातीची वाट न बघता प्राध्यापकांना ईमेल करा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो उघडतसुद्धा नाहीत. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा, सगळा नाही कळला तरी चालेल. त्यातलं काय आवडलं ते दोन ओळीत लिहा, कुठल्या तारखेपासून किती दिवस येऊ शकता ते लिहा, आणि राहण्याचा खर्च झेपणार नाही हे स्पष्ट लिहा. लाजू नका. खरं सांगणाऱ्याला वसतिगृहात खोली मिळवून देणारे मास्तर अजून आहेत.

चौथं, नोकरी किंवा इंटर्नशिप देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी घरी बोला, नाहीतर मला फोन करा.

माझ्याकडून एक काम अंगावर घेतोय. दर सोमवारी अशा जाहिराती शोधून, साध्या मराठीत पद, पगार, पात्रता, शेवटची तारीख लिहून याच भिंतीवर टाकणार. प्रिंट काढून तालुक्यातल्या कॉलेजांच्या बोर्डावरही लावणार, प्राचार्यांशी बोलणं झालंय. आपल्या भागातली जी मुलं आज पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर किंवा परदेशात लॅबमध्ये आहेत त्यांनी खाली कमेंटमध्ये फक्त शहर आणि विषय लिहा. मुलाखतीला येणाऱ्या पोराला एक रात्र अंग टाकायला जागा देऊ शकत असाल तर तेही लिहा. मला मिळाला तसा एकेक मामा प्रत्येक शहरात उभा राहिला तरी पुष्कळ होईल.