पदकर्त्याचं घर

सोलापुरात रविवारी सकाळी देवाची स्तुती निदान तीन भाषांत चालते. गिरण्या आणि मागांपायी इथं आलेली माणसं बिऱ्हाडाबरोबर आपापली गाणीही घेऊन आली. म्हणून एका रस्त्यावर मराठी उपासना, पुढच्या वळणावर तेलुगू, आणि कन्नड तर इथल्या मातीतलीच. या गावाचं ग्रामदैवतच मुळी कवी. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी तळं बांधलं आणि वचनंही रचली. देवासाठी पद रचणाऱ्या माणसाचं सोलापूरकराला त्यामुळे अप्रूप वाटत नाही.

आमच्या मराठी मंडळीत पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात, ‘उपासना संगीता’ची पानं सळसळतात आणि पेटीवाला सूर धरतो. माझ्याकडची प्रत आजीची. पुठ्ठा निघाला तेव्हा तिनं त्यावर जुन्या चादरीचा तुकडा खळीनं चिकटवला. गिरणीत जन्म गेलेल्या घरात दुसरं काय हाताशी असणार! आत पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठं ‘काळी दोन’, कुठं ‘सावकाश’, आणि एका गीतावर नुसतं ‘मयताला’. पदाखाली पुष्कळदा पदकर्त्याचं नाव बारीक ठशात असतं. त्या नावापाशी मात्र आजीची एकही खूण नाही. कुणी लिहिलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. सूर कुठं धरायचा एवढं कळलं की झालं.

मला मात्र त्या बारीक ठशाचा नाद लागला. प्रवचनांतून पदकर्त्यांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. शिकागोचे वकील होरेशिओ स्पॅफर्ड: 1873 साली जहाज बुडालं, चार मुली गेल्या, आणि त्या दुःखातून गीत आलं. फॅनी क्रॉस्बी: तान्हेपणीच दृष्टी गेली, आणि आयुष्यभरात आठ हजारांवर गीतं. गोष्टी खऱ्याच आहेत, पण प्रवचनात येता येता सगळ्या एकाच मापात बेतल्या जातात. आधी संकट, मग अश्रू, मग लेखणी. स्पॅफर्डांची बायको ॲना त्या जहाजावर होती आणि वाचली. एकटीच वाचल्याची तार तिनंच नवऱ्याला केली. त्या गीताबद्दल तिला काय वाटत होतं, हे एकाही पाळकाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

मराठी माणसाचं नशीब इथं वेगळं. आमच्या सर्वांत मोठ्या पदकर्त्याचं आयुष्य त्याच्या बायकोनंच सांगितलं, आणि तेही चुलीपाशी बसून.

रेव्हरंड नारायण वामन टिळक शाळेत भेटले ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. ‘केवढे हे क्रौर्य!’ पाठ केल्याशिवाय आमच्या पिढीची सुटका नव्हती. 1861 सालचा जन्म, कोकणातलं चित्पावन घर, संस्कृतचा गाढा अभ्यास. 1893 मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं हातात बायबल ठेवलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकार इथं एक उतारा संपवतो आणि पुढचा सुरू करतो. टिळकांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, तसं करता येत नव्हतं. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणजे सोवळ्यातल्या बाईचा संसारच उठला. पदरी लहानगा दत्तू. तिथून पुढं साडेचार-पाच वर्षं ही दोघं वेगळी राहिली.

त्या ताटातुटीतला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. म्हणजे इथून सत्तर-बहात्तर किलोमीटरवर. मला या योगायोगाचा मोह आवरत नाही. तिकडे नगरला नवरा ख्रिस्ताला अभंगात बसवण्याच्या खटपटीत, आणि इकडे बायको ज्या गावात अभंग दिवसरात्र हवेत असतो तिथं, लोकांच्या नजरा चुकवत. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचं टिळक म्हणत. त्या पुलाच्या अलीकडच्या टोकाला लक्ष्मीबाई उभ्या होत्या, हे कुणी सांगत नाही.

टिळकांनी केलं काय, ते गाणाऱ्याला चटकन कळतं. मिशनऱ्यांनी आणलेली भाषांतरित गीतं विलायती चालीत बसवलेली. ताल एकीकडे, मराठी शब्दाचा जोर दुसरीकडे. गाताना जीभ अडखळते. त्याआधी देशी बाजात काहीच नव्हतं असं नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानं 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं तेच मुळी ओवीत, आणि नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक टिळकांआधीच देशी चालींत पदं रचत होते, ख्रिस्ती कीर्तनं करत होते. पण टिळकांनी ही वाट हमरस्ता केली. संतांसारखीच त्यांनी शेवटच्या चरणात आपली मुद्रा घातली, फक्त नावाऐवजी ‘दास’ म्हणून. आणि मग उलटी गंगा वाहिली. निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्यानं त्यांच्या काही पदांचं इंग्रजी केलं, आणि नगरच्या कवीचं पद गोऱ्यांच्या गीतपुस्तकांत जाऊन बसलं.

हाच माणूस घरात कसा होता? लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, उघडावं. पगार हातात आला की कुणा गरजवंताकडे गेलाच. भांडण झालं की स्वारी न सांगता घराबाहेर. रस्त्यावरचं पोर घरी आणायचं यांनी, आणि त्याला न्हाऊमाखू घालून वाढवायचं बाईंनी. लक्ष्मीबाई हे सगळं सांगतात, पण कैफियत मांडत नाहीत. नवऱ्याला हसतात, स्वतःलाही हसतात, आणि हसता हसता हिशेब मात्र चोख ठेवतात. संताच्या घरी धान्य किती उरलं, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे आणखी कुणी लिहिलं असेल तर मला माहीत नाही. तुकोबांच्या आवलीला लिहिता आलं असतं तर! पण आवलीला लोकांनी कजाग ठरवून मोकळं केलं.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 चा. पण नवऱ्याच्या मागोमाग त्या गेल्या, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. एकत्र राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एके दिवशी स्वतःशीच विचार करता करता जातपात माणसानं केलेली आहे हे त्यांना पटलं, आणि पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी घेतलं. टिळकांची व्याख्यानं जिथं थकली तिथं त्या आपल्या पायांनी पोचल्या.

टिळकांची घरं सोडण्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त एका पंगतीला, अशी ती कल्पना. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहाएक अध्यायांवर थांबलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. साठाहून अधिक अध्याय त्यांचे. जोडाक्षरांशी ज्यांची उभ्या जन्मात झटापट झाली त्या बाईंनी! समीक्षक ‘ख्रिस्तायना’कडे फारसे फिरकत नाहीत, आणि ‘स्मृतिचित्रां’पुढे ते फिकं पडतं हेही खरंच. तरी नवऱ्याचं राहिलेलं काम म्हणून एका बाईनं इतक्या ओव्या लिहाव्यात, यातली चिकाटी मला त्या ओव्यांपेक्षाही वाचनीय वाटते.

‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर टिळकांची पदं गाताना घसा बसत नाही ना, असं एकदा एका मित्रानं खवचटपणे विचारलं. बसत नाही. उलट, ‘दास’ म्हणवून घेणारा हा माणूस घरी किती हट्टी होता हे माहीत असलं की त्या पदांतली काकुळती खरी वाटते. जो जात्याच नम्र, तो कशाला इतक्यांदा नम्रता मागेल?

हल्ली आमच्याकडे पेटीची जागा कीबोर्डनं घेतली आहे. नाताळच्या कार्यक्रमात तरुण पोरांनी टिळकांचं एक पद गिटारवर भलत्याच चालीत म्हटलं, तेव्हा मागच्या बाकांवर कुरकुर झाली आणि पंचांच्या बैठकीत विषयही निघाला. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. टिळक असते तर त्या चालीवर नवं पद लिहायला तिथंच बसले असते, आणि लक्ष्मीबाईंनी आधी विचारलं असतं, गिटारचे पैसे कुणी भरले.