पानी कोठे शे?

आईला समुद्र दाखवायला डुमसला नेलं तेव्हा ओहोटी होती. कडोदऱ्याहून निघून, सुरतेची गर्दी ओलांडून आम्ही दुपारी किनाऱ्यावर पोचलो. समोर नजर जाईल तिथवर काळी, ओली, सपाट वाळू, आणि पार टोकाला उन्हात चमकणारी बारीक रेघ. आईचा जन्म अमळनेरकडच्या एका गावात गेलेला. तिनं डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "पानी कोठे शे?"

या प्रश्नाचं उत्तर मला कितीतरी वर्षांनी, कोकणात मिळालं.

मिलमधला माझा एक सोबती गुहागरचा. त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. तिकडे वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. गुहागरची पुळण लांबच लांब आणि सरळ, लाटाही शेतातल्या तासांसारख्या ओळीनं येतात. तिथून वेळणेश्वर जवळच, पण तिथला काठ चंद्रकोरीसारखा वाकलेला आणि लाटही तशीच वाकून येते. मला वाटलं, आपले डोळे फसताहेत. सोबती म्हणाला, "दादा, लाट तळाला ओळखते."

ते खरंच आहे. लाटेचं जे टोक आधी उथळ पाण्यात शिरतं ते मंदावतं, खोल पाण्यातलं टोक पुढे धावतं, म्हणून सगळी लाट काठाच्या अंगानं वळते. बैलगाडीचं एक चाक चिखलात अडलं की गाडी त्याच बाजूला वळते ना, अगदी तसं. त्यामुळेच समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या नाकावर दोन्हीकडून लाटांचा मार बसतो, आणि खाडीच्या पोटात तेच बळ पसरून पातळ होतं. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद भेग. भरतीला लाट त्या भेगेत शिरते, तिला पसरायला जागाच मिळत नाही, मग ती उंच उसळते. त्या उसळीचे थेंब अंगावर घेतले तेव्हा मला डुमसची ती लांबची रेघ आठवली. पाणी तेच, अरबी समुद्राचं.

फरक उताराचा आहे. साधारणपणे लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली की ती फुटते. मीटरभर उंचीची लाट धरा. दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या किनाऱ्यावर ती काठापासून बारा-तेरा मीटरवर फुटेल, एकदम, पुढे वाकून, धाडकन. शंभर मीटरला एक मीटर उतार असेल तर तीच लाट सव्वाशे मीटर आधीच फुटते, मग फेस सांडत सांडत, दमून पायाशी येते. डुमसला पावलांवर येणारं पाणी असं दमलेलं असतं. गणपतीपुळ्याला तसं नाही. तिथे काही पावलांत खोली वाढते आणि परत जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. तिथल्या सूचना फलकांकडे पाठ करून पाण्यात उतरणारी माणसं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

पण डुमसचं खरं गूढ लाटेत नाही, भरतीत आहे. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं. भरतीचं पाणी त्यात कोंडतं आणि चढतं. रत्नागिरीकडे भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरांचं अंतर असतं, भावनगरला उधाणात ते दहा मीटरच्याही वर जातं. सुरत त्या नरसाळ्याच्या तोंडाशी. एवढं पाणी आणि इतका सपाट काठ, मग ओहोटीला समुद्र दिसेनासा होणारच. शिवाय तापीचं मुख इथेच. मुलताईला निघून, आमच्या खानदेशातून वाहत, काळ्या कातळाचा गाळ घेऊन ती इथे समुद्राला मिळते. आईनं त्या दिवशी चिमूटभर वाळू बोटांत चोळून पाहिली होती. पिठासारखी बारीक, काळी. "आपली वाटते," एवढंच ती म्हणाली.

आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. पाणी लाट होऊन आलं नाही. आधी वाळूतले चर ओले झाले, मग भरले, आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की पुढची रेघ अजून लांबच आहे, पण आमच्या मागच्या खळग्यात घोटाभर पाणी वाहतंय. आईचा हात धरून मी भराभर मागे फिरलो. जरा पलीकडे वाळूवर आणलेली एक मोटार रुतली होती आणि चार-पाच जण तिला ढकलत होते.

कडोदऱ्याहून, पांडेसऱ्याहून, उधन्याहून आपली कितीतरी माणसं सुटीला लेकरंबाळं घेऊन तिकडे जातात. जाण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरतीची वेळ तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या. गाडी वाळूवर नेऊ नका. आणि समोरचं पाणी कितीही लांब दिसलं तरी मधूनमधून मागे वळून बघा.