म्हणणारीचं नाव

मागच्या पावसाळ्यात मुलचेऱ्याला गेलो, तेव्हा आजीची रोवणीची गाणी फोनवर रेकॉर्ड केली. १२ गाणी. प्रत्येक गाण्याआधी ती सांगायची, हे कोणाकडून उचललं, कुठल्या बांधीत. पुण्याला परतल्यावर ते बोलणं मी कापून टाकलं. मला फक्त गाणं हवं होतं.

ही गाणी मी प्युअर डेटामध्ये टाकत होतो. मिलर पकेटने १९९० च्या दशकात केलेला हा मोफत प्रोग्राम. यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. आवाजाची तार जाड, निरोपाची बारीक.

घोळ बारीक तारेत झाला. मला एका चौकोनातून दुसऱ्यात पूर्ण ओळ पाठवायची होती: म्हणणारीचं नाव, त्यात सुरांची यादी, प्रत्येक सुराची उंची आणि लांबी. पण यादीच्या पोटात यादी तिथे चालत नाही. सगळं एका रांगेत सपाट होतं. कुठला आकडा उंचीचा, कुठला लांबीचा, हे पलीकडच्या चौकोनाने मोजून ओळखायचं. मोजणी सोपी व्हावी म्हणून मी नावंच काढली. नाव थोडंच ऐकू येतं?

दिवाळीत आजीला ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "आन् म्हननारीचं नाव?"

मग दुसरा मार्ग धरला. प्युअर डेटात आधी साचा ठरवता येतो: एक रकाना नावाचा, एक सुरांच्या रांगेचा. माल जागेवरच राहतो, तारेतून फक्त त्याचा पत्ता जातो. माल पुसला, तर तो पत्ता निकामी झाल्याची तक्रार येते.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांचा डेटाबेस बर्नार्ड बेल या अभियंत्याने बांधला. तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' लिहिणारा हाच माणूस. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

साचा घेऊन आजीपाशी बसलो. ९ नावं मिळाली. उरलेली ३ तिला आता आठवत नाहीत. पावसाळ्यात तिने ती सांगितली होती. मी कापलेल्या तुकड्यात ती होती. तो तुकडा फोनमध्येही राहिलेला नाही.

ते ३ रकाने रिकामे ठेवलेत. त्यावर प्रोग्राम काही तक्रार करत नाही. आजी मात्र दर फोनवर विचारते, "भेटलं का?"